व्हिडिओतलं मांजर आमचं होतं

त्या व्हिडिओतलं मांजर माझं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुमच्या जिवाला घोर नको. मांजर ठणठणीत आहे. आत्ता ते माझ्या कटिंगच्या टेबलावर, एका गिऱ्हाइकाच्या हॉलच्या पडद्यावर आडवं पसरलंय आणि कितीदा हाकललं तरी ढिम्म हलत नाहीये. नाव गुंडी. वागणं महाराणीचं.

मी पडदे शिवते. खाली दुकान, वर घर, आणि घराच्या मागच्या खोलीत माझी भाची, म्हणजे ताईची मुलगी. ती जनावरांची डॉक्टर. पलीकडच्या रस्त्यावर प्राण्यांचा दवाखाना आहे, तिथं ती काम करते. तिथले मोठे डॉक्टर आता थकलेत. पुढच्या महिन्यापासून दवाखाना तिच्या हवाली करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. आमच्या बाईसाहेब वरवर “बघू” म्हणत होत्या, पण आतून हरखून गेल्या होत्या. मला कळतं ना! रोज सकाळी शीळ घालत जिना उतरायची.

माणसांशी बोलायचं म्हणजे हिच्या जिवावर येतं. पाहुणे आले की हिचं डोकं दुखायला लागलंच म्हणून समजा. पण जनावर समोर आलं की हात असे चालतात की बघत राहावं. चावरं कुत्रं म्हणू नका, पिसाळल्यागत ओरबाडणारं मांजर म्हणू नका, एकदा तर कुणाचं तरी चिडलेलं बदक होतं. तेसुद्धा हिच्यापुढं गपगार.

तर झालं असं. एका सकाळी गुंडीच्या तोंडातून लाळ गळायला लागली. बघते तर जिभेखाली निळा दोरा. आणि दोरा म्हटल्यावर दुसऱ्या टोकाला काय असणार? सुई टेबलावर उघडी कुणी सोडली होती, हा विषय आमच्या घरात काढायचा नाही असं ठरलंय, त्यामुळे आपण पुढं जाऊ. मी दोरा ओढायला हात घातला, तेवढ्यात भाची जिन्यावरून ओरडली, “मावशी, ओढू नको! आतडं चिरेल!”

दवाखान्यात तिनं गुंडीला टॉवेलात गच्च गुंडाळलं, मानेमागची कातडी मुठीत पकडली, कोपरानं अंग टेबलावर दाबून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं गुंगीचं इंजेक्शन दिलं. गुंडी जीव जातोय अशी किंचाळत होती. मी तिच्याहून मोठ्यानं किंचाळत होते.

“मावशी, तू बाहेर हो,” भाची म्हणाली, “तुझं ऐकून ती आणखी घाबरतेय.”

मला सरळ हाकलून दिलं. ऑपरेशन झालं, सुई निघाली, आणि संध्याकाळी गुंडी, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा भोंगा घालून, सगळ्या जगावर रागावून घरी आली. मी देवाचे आणि भाचीचे आभार मानले. देवाचे जरा कमीच मानले असतील.

दवाखान्यातल्या त्या खोलीला काचेचं दार आहे. बाहेर बसलेल्यांपैकी कुणीतरी त्या काचेतून मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. टॉवेल, मूठ, कोपर आणि ती किंचाळी. बास. आधीची सुई नाही, नंतरचा भोंगा नाही. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ ‘मुक्यांचा आवाज’ नावाच्या एका पानावर झळकला. वर लिहिलं होतं, ‘ही म्हणे डॉक्टर! मुक्या जिवाचा गळा आवळताना हिचा हात थरथरला नाही. आता हिला धडा शिकवायचा. शेअर करा, गप्प बसू नका.’

गप्प बसतंय कोण! दुपार व्हायच्या आत दवाखान्याचा फोन ठणाणा करायला लागला. कुणी भाचीचा कॉलेजातला फोटो शोधून काढला, कुणी आमच्या इमारतीचा फोटो टाकला, त्यात माझ्या दुकानाची अर्धी पाटीही आली. मला सगळ्यात नवल वाटलं ते हे, की शिव्या देणारे एकजात प्राणिप्रेमी. फोटोत मांडीवर गोजिरवाणं पिल्लू आणि खाली लिहिलंय, ‘हिची बोटं छाटा.’ एका बाईनं आधी दोन हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि मग भाचीच्या आईचा उद्धार केला. म्हणजे माझ्या ताईचा! जी ताई घरात पाल दिसली तरी “जा गं बाई बाजूला” म्हणून तिला वाट करून देते!

“लोक विसरतात,” मोठे डॉक्टर म्हणाले.

“मी ठीक आहे,” भाची म्हणाली. जेवताना म्हणाली, भांडी विसळताना म्हणाली, कुणी विचारलेलं नसताना म्हणाली. शीळ मात्र बंद झाली.

त्या आठवड्यात एका दुपारी ती हाताला बँडेज बांधून घरी आली. मांजर चावलं होतं. इतक्या वर्षांत हिला कधी मांजर चावलेलं मी पाहिलं नव्हतं.

“असं कसं चावलं गं?”

“सैल धरलं मी.”

“का?”

“बाहेरच्या बाकावर एकानं खिशातून मोबाइल काढला.” ती खाली बघत बोलत होती. “त्यानं बहुतेक वेळ बघायला काढला होता. पण माझा हातच आवळेना. मला हात दिसत नव्हता, हात व्हिडिओत कसा दिसेल ते दिसत होतं.”

मग ती म्हणाली, “मावशी, मोठ्या डॉक्टरांना मी सोमवारी सांगणार आहे, मला दवाखाना नको. एका औषधाच्या कंपनीत जागा आहे. टेबल, खुर्ची, कागद. जनावर नाही.”

“अगं, पण तुला तर…”

“ज्याचा हात सैल पडतो त्यानं जनावराला हात लावू नये. एवढी अक्कल मला आहे.”

काय सांगू, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाच्या कोण रिकामटेकड्यांनी बोटं बडवली, म्हणून या पोरीनं जन्माचं काम सोडायचं? सोमवारच्या आत काहीतरी करायलाच हवं होतं. आणि काय करायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. निदान तेव्हा तसं वाटत होतं.

आता जरा मागं जावं लागेल. इंटरनेट नवं नवं होतं, जोडायला गेलं की मॉडेम कर्कश ओरडायचा आणि घरातला फोन अडकून पडायचा, तेव्हाची गोष्ट. आम्ही शिवणकाम करणाऱ्या बायकांचं एक पान होतं, ‘टाका’ नावाचं. खऱ्या नावानं कुणी वावरायचं नाही. मी ‘उलटी शिवण’, नाटकांचे कपडे शिवणारी एक ‘कात्री’, आणि आम्हा सगळ्यांची पुढारी ‘बॉबिन’. बॉबिन म्हणजे तोफ. एका कंपनीच्या शिलाई मशीनची मोटर तापून बायकांचे हात भाजत होते, तेव्हा तिनं आम्हाला कामाला जुंपलं. प्रत्येकीनं कंपनीला पत्र लिहायचं, आपापल्या शब्दांत, खऱ्या नावपत्त्यानिशी. “दुसरीचं पत्र उतरवून पाठवलंत तर याद राखा,” असा दम. कुणाचा हात कसा भाजला, कुठल्या बोटाला फोड आली, सगळं विचारून विचारून लिहून घेतलं तिनं. कंपनीनं मुकाट मोटरी बदलून दिल्या. काय नाचलो होतो आम्ही!

छळणाराही तेव्हा एकच होता. ‘गरुड’ नाव घेतलेला. एकुलता एक, आमचा हक्काचा! बायका जमून आपापसांत बोलतात, याचाच त्याला पोटशूळ. घाणेरडं लिहायचा. एकदा तर माझ्या दुकानाचा नंबर हुडकून फोन करायला लागला. बेल वाजली की माझ्या हातातली कात्री खाली पडायची. त्यावर बॉबिननं हुकूम सोडला: “ढकला!”

म्हणजे काय, तर ‘टाका’च्या पानावर नवा निरोप वर यायचा, जुने खाली सरकायचे, आणि पान भरलं की तळातला निरोप कायमचा पुसला जायचा. गरुडानं काही खरडलं रे खरडलं की आम्ही सगळ्या तुटून पडायचो. त्याला उत्तर द्यायचंच नाही. आपापल्या कामाचं लिहायचं. ‘आज बाहीला चुण्या घातल्या.’ ‘माझं काज आज सरळ आलं.’ बघता बघता गरुड तळाला, आणि तळातून बाहेर. शेवटी कंटाळला आणि गेला. पण तो जाईपर्यंत बॉबिन रोज दुपारी माझ्या दुकानात येऊन बसायची. फोन वाजला की तीच उचलायची आणि “बोल” एवढंच म्हणायची, असं काही जरबेनं, की पलीकडचा ठेवूनच द्यायचा. त्या बाईचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत.

‘टाका’ कधीच बंद पडलं. आम्ही नाही पडलो. मोबाइलवर आमचा ग्रुप आहे, तिथं गुडघे, सुना आणि वाढदिवस चालतात. तिथं मी लिहिलं, ‘भाचीवर संकट आलंय. सगळ्या चला. ढकला!’

अहो, काय उत्साह! कात्रीनं तर नवा चष्मा पुसून ठेवला. फक्त बॉबिनचं काही उत्तर नाही. मी फोन लावला, व्हिडिओची हकिगत सांगितली.

“ती तुझी भाची?” तिनं विचारलं.

“हो ना! आणि ते मांजर म्हणजे आमची गुंडी. सुई गिळली होती तिनं.”

“सुई?” तिनं विचारलं. मग ती म्हणाली, “बरं. मला जरा काम आहे,” आणि फोन ठेवला. मला रागच आला. म्हटलं, म्हातारी झाली आमची तोफ.

तिच्याशिवाय आम्ही कामाला लागलो. ‘मुक्यांचा आवाज’वर, त्या व्हिडिओच्या खाली, आमच्या फौजेनं धडाका लावला. ‘आज सहा खिडक्यांचे पडदे पुरे झाले.’ ‘माझी नात चालायला लागली.’ ‘दोरा ओवताना टोकाला साबण लावावा, चटकन ओवला जातो.’ लोक चक्रावले. ‘ही काय भानगड आहे?’ ‘या बायका कोण?’ ‘डॉक्टरनं पैसे देऊन बसवल्यात.’ मी गुंडीचा भोंग्यासकट फोटो टाकला आणि लिहिलं, ‘हेच ते मांजर. जिवंत आहे, आत्ताच मासा खाऊन झोपलंय.’ तर एकानं ठणकावून सांगितलं, ‘हे दुसरं मांजर आहे.’ दुसरा म्हणाला, ‘डोळे बघा त्याचे, याला या घरातून सोडवा.’ आणि एका अतिशहाण्यानं विचारलं, ‘पण मुळात याला सुई गिळू दिली कुणी?’ तिथं मला उठून पाणी प्यावं लागलं.

तरी मी खूश होते. पानावर आमचेच निरोप दिसत होते. कात्रीनं कळवलं, ‘गरुडाची आठवण झाली!’ मी उलट कळवलं, ‘अजून दम आहे आपल्यात!’

संध्याकाळी भाची खाली दुकानात आली. चेहरा पांढराफटक.

“मावशी, तो व्हिडिओ मरायला टेकला होता. कालपासून कुणी बघत नव्हतं. दवाखान्यात आज पहिल्यांदा फोन शांत होता. आणि दुपारपासून परत सगळं सुरू झालंय, आधीपेक्षा वाईट. हे साबणाचं आणि नातीचं कोण लिहितंय?”

“आम्ही,” मी म्हटलं. अजून मला छाती फुगवायची हौस होती. “ढकलतोय आम्ही त्याला खाली!”

तिनं माझा मोबाइल बाजूला सरकवला. मग शेजारच्या स्टुलावर बसली आणि लहान मुलाला सांगावं तसं हळूहळू सांगायला लागली. “इथं खाली जात नाही काही. कुणीही काहीही लिहिलं की ते वर जातं. शिवी लिहा नाहीतर साबण लिहा, त्या यंत्राला काय कळतंय? त्याला फक्त गर्दी कळते. गर्दी दिसली की ते आणखी हजार जणांना नेऊन दाखवतं.”

“म्हणजे आम्ही…”

“ढकललंत. वर.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मी “अगं, मला वाटलं” वगैरे काहीतरी पुटपुटले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, “मी तुझ्यावर रागावले नाहीये. तू माझ्यासाठीच केलंस. पण आता सोमवारचं पक्कं,” आणि जिना चढून गेली. मी फौजेला कळवलं, ‘थांबा गं बायांनो, सगळं पुसून टाका.’ मग एकटीच बसून मनसोक्त रडले. गुंडी भोंगा आपटत माझ्याभोवती फिरत होती.

शनिवारी सकाळी दुकान उघडलं आणि दारात बॉबिन. एरवी ही बाई कोपऱ्यापासून हाका मारत येते. आज चोरासारखी उभी. भाची तिथंच चहा पीत होती. बॉबिन तिच्याकडं बघून म्हणाली, “तूच ना ती? मला तुझ्याशीच बोलायचंय. ते ‘मुक्यांचा आवाज’ मी चालवते.”

मी हातातली पट्टी खाली ठेवली.

“तू?” मी म्हटलं. “‘हिला धडा शिकवायचा’, हे तू लिहिलंस?”

“मीच लिहिलं.” ती बसली नाही, उभ्यानंच बोलत राहिली. रस्त्यावरची कुत्री घरी आणता आणता तिनं ते पान काढलं होतं, पिल्लांना घरं मिळवून द्यायला. पिल्लांचे फोटो टाकले की थोडे लोक यायचे. मारझोडीचा व्हिडिओ टाकला की झुंडीनं यायचे. “आता रोज कुणीतरी काहीतरी पाठवतं. मी बघते, मला रडू येतं, आणि रडता रडता लिहून टाकते. तुझ्या व्हिडिओचंही तसंच. तुझी मूठ बघितली, ते किंचाळणं ऐकलं. पुढं काही विचारलंच नाही.”

“पत्रं लिहून घेताना कुठल्या बोटाला फोड आली ते विचारायचीस तू!” माझा आवाज चढला. “दवाखान्याचा नंबर काय चंद्रावर होता? एक फोन करता येत नव्हता?”

“येत होता.” तिचे डोळे भरले. “गरुड एकटा होता गं. तो वाईट आहे हे दिसत होतं. इथं सगळी माझ्याच बाजूची माणसं. माझ्यासारखीच हळहळणारी. मला वाटलं, आपण चांगलंच करतोय.”

भाचीनं कप खाली ठेवला. “व्हिडिओ काढून टाकलात?”

“तुझ्या मावशीचा फोन आला तेव्हाच काढून टाकला. पण त्याच्या नकला सगळीकडं फिरताहेत. तुझ्या मावशीनं हाणून पाडायला घेतली ती तसलीच एक, माझ्याच पानावर कुणीतरी परत टाकलेली.” बॉबिननं नाक पुसलं. “मी आता खरं काय ते सांगणार आहे. माझ्या नावानं, माझ्या तोंडानं.”

“नका सांगू,” भाची म्हणाली. “तुमच्यावर येतील सगळे.”

“येऊ देत.”

“कसं असतं ते तुम्हाला माहीत नाही.”

“मग कळू दे मला,” बॉबिन म्हणाली आणि निघून गेली.

दुपारी तिचा व्हिडिओ आला. स्वयंपाकघरात बसलेली, चष्मा वाकडा. तिनं आपलं खरं नाव सांगितलं. सांगितलं की मांजराच्या पोटात सुई होती, या डॉक्टरनं त्याचा जीव वाचवला, मी खातरजमा न करता तिच्यावर तुम्हाला सोडलं, माझं चुकलं. बास, एवढंच.

मी भाबडी! मला वाटलं, आता लोक भाचीची माफी मागतील. एकानं मागितली असेल तर शपथ. तीच माणसं, तीच बोटं, मांडीवर तीच पिल्लं, आणि आता बॉबिनवर. ‘म्हातारे, किती घेतलेस?’ ‘कुत्र्यांच्या नावावर खाते ही.’ ‘हिचं घर कुठं आहे?’ एकीनं तर आधी भाचीसाठी वापरलेली शिवीच शब्दही न बदलता हिला चिकटवली. संध्याकाळ व्हायच्या आत भाचीचं नाव कुणाच्या तोंडी उरलं नाही. दवाखान्याचा फोन गप्प. खोटं कशाला बोलू, मला क्षणभर बरंच वाटलं. म्हटलं, भोग आता. पण मग आणखी वाचत गेले आणि मोबाइल बाजूला ठेवून दिला. त्या बाईनं एकेकाळी माझा फोन उचलला होता हो.

भाचीही वाचत होती, दुकानात उभी राहून. आता ती “बरं झालं” म्हणेल, याची मी वाट बघत होते. म्हणाली असती तर तिला कुणी नावं ठेवली नसती.

“राहते कुठं ती?” तिनं विचारलं.

“कशाला? भांडायला? अगं, ती आधीच…”

“मावशी, पत्ता सांगतेस की गाडी काढतेस?”

मी गाडी काढली.

बॉबिनचं घर तळमजल्यावर, रस्त्याला लागून. दारातच तीन कुत्र्यांनी आमची झडती घेतली. टेबलावर तिचा मोबाइल पालथा पडून थरथरत होता, थरथरत थरथरत टेबलाच्या कडेशी आला होता. शेगडीवर पाणी ठेवलेलं, गॅस पेटवायचा राहिलेला.

“मी ठीक आहे,” बॉबिन म्हणाली.

“हो,” भाची म्हणाली, “मीही आठवडाभर ठीकच होते.” तिनं मोबाइल उचलला, बंद केला आणि कपाटात चादरींच्या खाली सारला. “दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. मावशी रोज दुपारी येऊन बसेल.”

मला कुणी विचारलं नव्हतं, पण मी मान डोलावली. गॅस पेटवला, चहा टाकला. बॉबिन तिथंच खुर्चीत बसून हमसून हमसून रडायला लागली, आणि भाची, जिला माणसांशी दोन शब्द बोलायचे म्हणजे संकट, तिच्या पाठीवर अवघडल्यासारखी थोपटत राहिली. मध्येच तिचा हात थांबला. ती कोपऱ्यातल्या तपकिरी कुत्र्याकडं बघत होती. म्हातारं कुत्रं. एक कान खाली पाडून सारखं डोकं झटकत होतं.

“कान कधीपासून असा आहे त्याचा?”

“झाले बरेच दिवस,” बॉबिन डोळे पुसत म्हणाली. “औषध आणलंय मी. पण घालायला गेलं की रडतो बिचारा, मग माझ्यानं होत नाही. सोडून देते.”

“वास येतोय इथपर्यंत.” भाचीनं सोबत आणलेली औषधांची पिशवी ओढली. मग तिनं आपल्या बँडेजच्या हाताकडं पाहिलं. ती जमिनीवर बसली, कुत्र्याला शुक् शुक् करून जवळ बोलावलं, आणि ते जवळ आल्याबरोबर एका झटक्यात त्याला कुशीवर पाडून गुडघ्यानं दाबलं. कुत्र्यानं घर डोक्यावर घेतलं.

“अगं अगं, हळू!” बॉबिन ओरडली, आणि लगेच तिनं स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

“इकडं या,” भाची म्हणाली. “डोकं तुम्ही धरा. माझ्या एका हातात जोर नाही.”

“मला नाही जमायचं गं. रडतोय तो.”

“रडेल. इथं, कानामागं धरा. असं नाही, घट्ट.”

“त्याला दुखेल.”

“सैल धरलंत तर दुखेल. तो हलला आणि माझा चिमटा आत लागला तर कानच जाईल. आधी घट्ट धरा, प्रेम मागाहून करा.”

बॉबिन गुडघ्यांवर बसली. गुडघे कटाकट वाजले. तिनं त्या कुत्र्याचं डोकं दोन्ही हातांनी पकडलं आणि दाबून धरलं, अगदी बोटं पांढरी होईपर्यंत. कुत्रं असं विव्हळत होतं की दगडाला पाझर फुटावा. बॉबिनच्या नाकावरून टपटप पाणी गळत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात खिडकीत एक चेहरा उगवला. शेजारची बाई. तिनं आत पाहिलं. जमिनीवर दोन बायका, खाली दाबलेलं कुत्रं आणि ते ओरडणं. “अहो, काय चाललंय काय? मारताय का त्याला?” आणि तिचा हात मोबाइलकडं गेला.

भाचीचा चिमटा थांबला. मला दिसलं, तिचे खांदे ताठ झाले.

“आत या,” बॉबिन म्हणाली. हात तसूभरही न हलवता, जुन्या दिवसांतल्या त्या जरबेच्या आवाजात. “दार उघडं आहे. तिथून नका बघू, आत येऊन बघा.”

शेजारीण घुटमळली. मग दार लोटून आत आली, मोबाइल हातातच.

“आलाच आहात तर त्याचा दिवा लावा,” भाची म्हणाली, “आणि इथं, कानात उजेड पाडा.”

तिनं दिवा लावला. वाकून पाहिलं आणि “अगं बाई” म्हणून तोंड वेडंवाकडं केलं. आम्ही चौघी त्या एका कानावर ओणव्या झालो होतो. मळ निघाला, पू निघाला, औषध गेलं. कुत्र्यानं शेवटी एकदा विव्हळून पाहिलं आणि गप्प झालं.

“सोमवारी याला दवाखान्यात घेऊन या,” भाची बॉबिनला म्हणाली. “परत साफ करावा लागेल.”

“सोमवारी?” मी म्हटलं. “पण सोमवारी तर तू मोठ्या डॉक्टरांना…”

“मावशी,” ती म्हणाली, “कापूस दे.”